चालू मशीनमधल्या मेमरीचं उद्घाटन

“एक सेकंदही मशीन बंद न करता त्यात मेमरी वाढवून दाखवतो!” असं म्हणत नवनीत सरांनी स्टाफरूमच्या टेबलावर अशी थाप मारली की शेजारच्या मॅडमचा चहा बशीत आला.

एवढा आवाज चढायला कारण होतं हो. शहाद्याच्या त्या कॉलेजात सर अकरा वर्षं कंत्राटावर कॉम्प्युटर शिकवत होते. अकरा महिने शिकवायचं, एक दिवस घरी बसायचं, की पुन्हा नव्यानं रुजू! संस्थेचे अध्यक्ष उदेसिंग आप्पा दर दिवाळीला ‘तुले कायम करी टाकू’ म्हणायचे आणि फराळाला लागायचे. यंदा मात्र ते स्वच्छ बोलले होते, “हाई करी दखाड, त्याच दिन कायमनी ऑर्डर तुन्हा हातमा!”

काम असं की, कुठल्याशा कंपनीनं टाकून दिलेला मोठा सर्व्हर कॉलेजला दान मिळाला होता. तो चालू असतानाच त्यात मेमरीचा बोर्ड घालायची आणि काढायचीही सोय होती. सरांनी आप्पांना समजावलं, “पंगत जेवत असताना आपण शेजारी आणखी एक सतरंजी अंथरतो ना, तसं! मशीनच्या पोटात कर्नेल नावाचा कारभारी असतो. तो नवी जागा बघतो आणि तिकडेही वाढायला घेतो.”

“अन सतरंजी काढनी पडनी ते?”

“मग जेवणाऱ्यांना आधी ताटासकट दुसरीकडे बसवायचं. बोर्डाजवळचं बटण दाबलं की कर्नेल जागा रिकामी करतो. हिरवा दिवा विझला, की मगच बोर्ड ओढायचा.”

आप्पांना पंगतीपर्यंत समजलं. पुढचं त्यांनी ऐकलंच नाही, कारण तोवर त्यांच्या डोक्यात उद्घाटन शिरलं होतं!

झालं! मांडव पडला, पाहुणे आले, बोर्ड हळदकुंकू लावून थाळीत बसला. मशीन खरंच चालू आहे हे सगळ्यांना दिसावं म्हणून आप्पांनी नेमकी त्याच वेळी, त्याच सर्व्हरवर एकशेवीस मुलांची ऑनलाइन परीक्षा ठेवली. सर परीक्षा पुढे ढकला म्हणणार होते, पण कायमची ऑर्डर म्हटल्यावर माणूस तोंड उघडत नाही. शिपाई छबूबाई तर नारळ घेऊन थेट सर्व्हरच्याच कोपऱ्याकडे निघाल्या!

“छबूबाई, अठे नही!” सर मशीनवर आडवे पडले म्हणून वाचलं.

“करंट लागस का रे?” असं तीनदा विचारून आप्पांनी बोर्ड आत सरकवला. हिरवा दिवा लुकलुकला, स्थिर झाला. सरांनी दोन ओळी टाईप केल्या आणि स्क्रीनवर मेमरी दुप्पट! टाळ्यांचा कडकडाट झाला. मुलं खाली मान घालून पेपर देतच होती. सरांना इतकं भरून आलं की त्यांनी मनातल्या मनात बायकोला फोनही लावला.

तेवढ्यात फोटोग्राफर पवन म्हणाला, “आप्पा, तुमना डोया मिटी गयात. आखो एक डाव!”

पुन्हा सरकवून दाखवायला म्हणून आप्पांनी बोर्ड बाहेर काढायला हात घातला.

“थांबा, आप्पा! आधी बटण!” सरांनी झेप घालून बटण दाबलं. दिवा लुकलुकायला लागला आणि लुकलुकतच राहिला. स्क्रीनवर उत्तर आलं: जागा रिकामी होत नाही, कुणीतरी बसलंय.

“कोण बठेल शे?” आप्पा गरजले.

सरांनी शोध घेतला आणि हळूच दाराकडे बोट दाखवलं. दारातल्या टीव्हीवर सकाळपासून आप्पांच्या वाढदिवसाची फिल्म फिरत होती. ती याच सर्व्हरवरून चालायची, आणि नव्या बोर्डावर तीच ठाण मांडून बसली होती.

“आप्पा, दोन मिनिटं तुमची फिल्म बंद केली की...”

“मन्ही फिल्म बंद? एवढा पाहुणा बठेल शेतस! पवन, तयार शे का?”

आणि आप्पांनी सतरंजी ओढली!

सर्व्हर गप्प. टीव्ही काळा. लॅबमधले एकशेवीस पडदे गोठले. परीक्षेसाठी पहाटे डोंगरातल्या मोलगीहून जीपला लटकून आलेली रिना आधी ओरडली, “सर, माझे चाळीस प्रश्न झाले होते!” मग लॅबचा आठवडी बाजार झाला. फोटो मात्र झकास आला. आप्पांचे डोळे इतके टक्क उघडे कुणी कधी पाहिले नव्हते.

सर धावतच ऑफिसात गेले. “उमाकांतभाऊ, माझी ऑर्डर?”

क्लार्क उमाकांतनं नजर चुकवली. “तीच टाईप करी ऱ्हायंतू, सर. त्याच सर्व्हरवर. शेवटली ओळ व्हती. सेव्ह करानं ऱ्हायी गयं.”

“मग पुन्हा टाईप करा ना, बाबा!”

“कसावर करू? मशीनच बंद शे.”

सर बाकावर मटकन बसले. अकरा वर्षं डोळ्यांत दाटून आली. दहाच मिनिटांत उमाकांत एक कागद घेऊन आला. खाली आप्पांची सही, शाई अजून ओली! सरांनी तो उलगडला.

चालू परीक्षा बंद पाडल्याबद्दल कारणे दाखवा नोटीस होती. ती हातानं लिहिलेली, टपोऱ्या अक्षरात, आणि एकही खाडाखोड नाही!