निहारनं मोडलं

निहारच्या स्क्रीनवर पुन्हा लाल फुली उमटली आणि त्याच क्षणी शहराबाहेर होसकोट्याला गिऱ्हाइकाकडे गेलेल्या गुरुराजचा फोन आला.

"सेटअप किधर है, निहार? काँटे पे ट्रक का लाइन लगा है!"

"बस हो गया, सर."

गुरुराजची कंपनी म्हणजे राजाजीनगरात हेमलताकाकूंच्या घराचा वरचा मजला आणि त्यातल्या मोजक्या खुर्च्या. ट्रकच्या वजनकाट्यांसाठी लागणारं सॉफ्टवेअर ते बनवत. आजवर नव्या आवृत्तीची जुळणी गुरुराज स्वतः हातानं करायचा आणि दर खेपेला एखादी फाइल विसरायचा. म्हणून पुण्याहून आलेल्या निहारनं ते काम यंत्रावर सोपवलं होतं. कुणी कोडमध्ये बदल केला, की कोपऱ्यातला संगणक आपणहून सगळं जोडणार, तपासणार आणि गिऱ्हाइकाला द्यायचा सेटअप तयार करणार. ही जुळणी, म्हणजे 'बिल्ड', बिघडली, तर स्पीकरवरून खणखणीत मराठीत गुन्हेगाराचं नाव जाहीर करणार. ही शेवटची हौस निहारची स्वतःची.

"पण आज स्पीकर का गप्प आहे?" शेजारून शाल्मलीनं विचारलं.

"बॅटरी संपली असेल. बरंय, इज्जत तरी वाचली," म्हणत निहारनं एक ओळ बदलली. लाल. दुसरी बदलली. लाल.

इतक्यात जिना धडधडला आणि दारात हेमलताकाकू उभ्या राहिल्या. ठेवणीतली इरकली साडी, केसांत मोगरा आणि चेहरा रडवेला.

"अय्यो निहार, आमच्या सुखदाचं काय मोडलंस रे तू?"

"मी? मी कशाला मोडू?"

"खाली तिला बघायला पाहुणे आलेत. त्यांनी पोह्यांची बशी हातात घेतली न घेतली, तर आमचा स्पीकर ओरडतोय, 'मोडलं! निहारनं मोडलं!' एकदा नाही, सारखा! मुलाचे मामा विचारतायत, हा निहार कोण?"

गणपतीत काकूंना आरत्या लावून द्यायला त्यानं ऑफिसचा संगणकच त्यांच्या ब्लूटूथ स्पीकरला जोडला होता. वरचा स्पीकर बंद पडल्यावर संगणकानं इमानेइतबारे ओळखीचा दुसरा गाठला होता.

तो तसाच खाली धावला. सोफ्यावर दामोदरमामा हाताची घडी घालून बसले होते.

"मामा, गैरसमज झालाय. फक्त बिल्ड मोडलंय."

"कसलं बिल?"

"बिल्ड. आमचं रोजच मोडतं."

"रोज?" मामांनी सुखदाकडे पाहिलं. "म्हणजे प्रकरण जुनं आहे."

"नाही हो! मी तर सकाळपासून जमवायचा प्रयत्न करतोय."

"ते दिसतंच आहे!"

नेमका त्याच वेळी वर शाल्मलीनं निहारला मदत म्हणून एक बदल करून पाहिला. टीव्हीशेजारचा स्पीकर कडाडला, "मोडलं! शाल्मलीनं मोडलं!"

"आता ही कोण?" मामा उठूनच उभे राहिले. "चल, मकरंद. या घरात मोडणारी माणसं फार आहेत."

पण नवरा मुलगा उठेना. हसून हसून त्याला पोह्यांचा ठसका लागला होता, आणि सुखदा ओढणी तोंडाशी धरून त्याला पाणी देत होती. "मामा, बसा हो," तो कसाबसा म्हणाला. "माझ्या ऑफिसात हेच चालतं. निहार, एरर दाखव बघू."

निहारनं मोबाइल पुढे केला. मकरंदनं वाचलं. "अरे, तुमच्या सेटअपवर कंपनीची डिजिटल सही लागते ना? ती करणारी किल्ली असते बघ, पेनड्राइव्हसारखी. ती संगणकाला लावलेलीच नाहीये."

निहारनं गुरुराजला फोन लावला. "सर, वो साइनवाला की आपके पास है क्या?"

पलीकडे किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला. "पॉकेट में है," इतका वेळ ओरडणारा गुरुराज अगदी हळू म्हणाला.

आता लॅपटॉप घेऊन होसकोट्याला जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. "माझी गाडी आहे, सोडतो," मकरंद म्हणाला.

"मीही येते," सुखदा म्हणाली. "नाहीतरी आम्हाला बोलायचंच होतं."

मामांनी भुवया उंचावल्या. काकू घाईघाईनं म्हणाल्या, "सोबतीला निहार आहे की! सरी, ठीक आहे, निघा."

तेव्हा सोबत म्हणून निहार मागच्या सीटवर, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला. सुरुवातीला पुढची दोघं एकमेकांना छंद विचारत होती. टिन फॅक्टरी चौकातल्या ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली तशी सुखदानं पोहे आईनं केल्याची कबुली दिली, आणि मकरंदनं पत्रिकेसोबतचा फोटो फार जुना, केस असतानाचा असल्याची. मग दोघं इतकी हसली, की "एसी जरा कमी करता का?" हे निहारनं दोनदा विचारलेलं कुणाच्या कानावरच गेलं नाही.

होसकोट्यात गुरुराजनं नजर चुकवत किल्ली दिली. निहारनं ती लॅपटॉपला लावली, सेटअप तयार झाला, काटा सुरू झाला आणि पहिला ट्रक हलला. छाती पुढे काढून निहार गाडीपाशी आला. मकरंदनं काच खाली केली.

"निहार, इथून बस मिळते ना रे?"

"कुणाला?"

"आपल्या शहरातल्या शिवाजीनगरची असते बघ," सुखदा फार प्रेमानं म्हणाली. "सारखी असते."

गाडी निघून गेली. ट्रकच्या धुळीत उभ्या निहारचा फोन वाजला. काकू होत्या.

"काय रे, कसं चाललंय दोघांचं?"

"काकू," निहार खोकत म्हणाला, "त्यांनी मला इथंच सोडलं."

"अय्यो!" काकू आनंदानं ओरडल्या. "देव पावला!"