वेशीवरचं सोयर

वाळवंट खडकनाळ गावाचा ताबा घ्यायला आलं तो सोमवार होता की मंगळवार, हे डॉ. साखळकरांना आता खात्रीने सांगता येत नाही. अर्ज तीन प्रतींत होता, एवढं मात्र आठवतं.

सरपंच तानूबाई मदने, पूर्वीच्या सुईण, उंची साडेचार फूट, यांनी अर्ज वाचला. वाळवंटाला वेशीबाहेरच पाणी विचारलं. ते नको म्हणालं.

"पण गावात सोयर असलं तर? बाळंतिणीच्या घरात दहा दिवस परकं कुणी शिरत न्हाई."

"रीत मोडणार नाही," वाळवंट म्हणालं. "मूल कुणाचं?"

"जमिनीचं. झाड."

वाळवंटाने विचार केला. "नुसता कोंब धरणार नाही. गुडघ्याएवढं झालं, तर जन्मलं म्हणेन. मुदत किती हवी?"

सगळे डॉक्टरांकडे बघू लागले. वनस्पतिशास्त्रात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. "शेवरीला... तीस दिवस," ते म्हणाले, आणि त्याच क्षणी त्यांना वाटलं, पुस्तकात पंचेचाळीस होतं.

गावाने वेशीलगत शेवरी पेरली, रोज एक ओळ. म्हणजे एक सोयर फिटायच्या आत पुढचं लागणार. प्यायच्या पाण्यातले हंडे तिला घातले. डॉक्टर दिवसातून चारदा पट्टी घेऊन जात.

"सर, इतकं बघू नका," तानूबाई म्हणाल्या. "दृष्ट लागंल."

तिसाव्या दिवशी वाळवंट वेळेवर आलं. डॉक्टर पहिल्या ओळीशी उभे राहिले. शेंडा त्यांच्या गुडघ्याला चार बोटं कमी पडला.

"चूक माझी आहे," ते म्हणाले.

"सरा बाजूला," तानूबाई म्हणाल्या. "बाळंतपणात पुरुषाचं काय काम? गुडघा सुईणीचा धरायचा असतो." त्या पुढे येऊन उभ्या राहिल्या. शेंडा गुडघ्याच्या बोटभर वर होता.

वाळवंटाने वाकून पाहिलं. "बरोबर आहे. मुलगा की मुलगी?"

"मुलगी."

"छान," म्हणून ते तीन पावलं मागे सरलं.

तेव्हापासून वेशीवर पाटी आहे: 'गावात सोयर आहे.' खडकनाळकर पाहुण्यांना आधी ती दाखवतात, मग चहा विचारतात.

अकरा वर्षांनी डॉक्टर तानूबाईंना बरोबर घेऊन वेशीपलीकडे गेले आणि खात्री करून आले: वाळवंटाच्या स्वतःच्या दारात एक शेवरी गुडघ्याच्या वर आली होती, आणि वाळवंट सोयर पाळत दहा दिवस कुणाकडेच जात नव्हतं.