पाद्रीबाबा आणि सोंगाड्या पतंग

"गांधीलमाशीचं सोंग घेतलेला पतंग मी डोळे मिटूनही ओळखेन!" पाद्री ॲम्ब्रोज टिडमार्श यांनी हे इंग्लंडमधल्या सफोक परगण्यातल्या आपल्या निम्म्या गावाला ऐकवलं होतं. उरलेलं निम्मं गाव रविवारी चर्चमध्ये सापडायचंच!

जूनच्या त्या दुपारी मात्र जोसाया क्वेनेलांच्या दारात त्यांचे पाय घुटमळले. दोघं जिवलग मित्र, दोघांनाही किड्यांचं वेड. पण हिवाळ्यात बिनसलं. टिडमार्श म्हणाले, पक्षी त्या सोंगाला फसतात, गांधीलमाशी समजून लांब राहतात. क्वेनेल म्हणाले, पक्षी काही तुझ्याइतके भोळे नसतात. झालं, बोलणंच बंद! मग क्वेनेलांची दृष्टी चालली असं कानावर आलं आणि पाद्रींना राहवेना. पॉप्लर झाडाच्या खोडातल्या अळीपासून जिवापाड वाढवलेला एकुलता एक पतंग डबीत घालून ते आले होते.

"दिसतंय थोडं अजून," क्वेनेल म्हणाले. "उघड डबी."

टिडमार्शांनी झाकण काढून बाजूला ठेवलं. डबी रिकामी! इकडेतिकडे पाहतात तो टेबलावरच्या मुरंब्यावर पिवळे पट्टे मिरवत स्वारी बसलेली.

"हा बघ, निसटला होता लबाड!"

"मुरंब्यावर? अरे, या पतंगाला खायला धड तोंड नसतं, ॲम्ब्रोज."

"दमून टेकला असेल!"

त्यांनी पेला उपडा घालून तो जीव अलगद पकडला आणि क्वेनेलांच्या कस्तूर पक्ष्याच्या पिंजऱ्यात सोडला. पक्षी फडफडत कोपऱ्यात चिकटला.

"फसला! जोसाया, फसला की नाही? आणि आता हा बिनविषारी जीव..." म्हणत पाद्रींनी उघड्या हाताने तो उचलला.

किंकाळी ऐकून क्वेनेलांची बहीण हॅना स्वयंपाकघरातून धावत आली. पाद्री हात झटकत नाचत होते. त्यांच्या कोपराने झाकण पिंजऱ्याच्या उघड्या दारात उडालं. झाकणाच्या आतल्या बाजूला, सावलीत, खरा पतंग शांत झोपला होता. पक्ष्याने मान वाकडी करून एकदा पाहिलं आणि तो पतंग एका घासात गिळला.

गांधीलमाशी खिडकीतून ऐटीत निघून गेली.

हॅनाने व्हिनेगरचा बोळा आणला. "पाद्रीबाबा, बोट पुढे करा. लहान मुलासारखं रडू नका!"

"बोटासाठी नाही गं रडत," टिडमार्श पुटपुटले. "तुला दाखवायचा होता, जोसाया. डोळे आहेत तोवर."

क्वेनेलांनी चाचपडत मित्राचा खांदा शोधला. भांडण जिंकल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर नव्हता. "एका पक्ष्यावरून काही सिद्ध होत नाही. पुढच्या जूनला दुसरा आण."

"आणि तोवर तुला दिसेनासं झालं तर?" पाद्रींनी डोळे पुसले. "हरकत नाही. मी आहे ना! मी बघेन आणि तुला सांगेन."

"तू?" क्वेनेल घाबरून म्हणाले. "नको रे बाबा! मी पक्ष्यालाच विचारेन."