गाडीची चहाडी

गाडीचा विमा संपायला आठ दिवस उरले होते. नव्या वर्षाचा हप्ता जवळजवळ दुप्पट झाल्याचा मेसेज सरलाबाईंनी वाचून दाखवला, तेव्हा नीलकंठराव गवारीच्या शेंगा मोडत बसले होते. एक शेंग हातातच राहिली.

"दुप्पट? परत वाच."

"परत वाचून कमी होणार आहे का? खाली कारणही दिलंय. 'चालकाच्या वर्तनानुसार.'"

वर्तन हा शब्द नीलकंठरावांना फार लागला. एकतीस वर्षं त्यांनी देवासच्या एका कॉलेजात ग्रंथपाल म्हणून काढली होती आणि सासष्ट वर्षांच्या आयुष्यात कुणालाही ओव्हरटेक केलं नव्हतं, नोकरीतही नाही आणि रस्त्यावरही नाही. ए. बी. रोडवर त्यांना ट्रॅक्टर मागे टाकून जात. कधी कधी तर ट्रॅक्टरवाला वळून काळजीने बघतही असे.

"काहीतरी चूक झाली असेल. मी जाऊन विचारून येतो," ते म्हणाले.

"तुम्ही जाल, पैसे भराल आणि वर त्यांचे आभार मानून याल. मी येते."

विम्याच्या ऑफिसात दिवसाही ट्यूबलाइट लागलेली होती. टेबलामागचा राजवर्धन तिशीचा, देवासच्याच जुन्या मराठा घरातला. शाळा हिंदीतून झालेली, त्यामुळे मराठी बोलताना तो मध्ये मध्ये अडखळत असे, पण मनापासून बोलत असे. त्याने कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला.

"काका, स्कोर पाहा. शंभरमधून एकतीस. बहोत खराब आहे."

"कसला स्कोर?"

"ड्रायव्हिंगचा. तुमची गाडी पाठवते ना. ब्रेक कितना जोरात दाबला, कुठे गेली, कितीक वेळ थांबली. सगळं आमच्याकडे येते."

"माझी गाडी? मला न विचारता?"

"विचारलं होतं काका. तुम्ही मान्य केलं आहे. हे बघा."

तारीख गाडी घेतली त्या दिवसाची होती. नीलकंठरावांना तो दिवस आठवला. ते स्वतः बोनेटवर हार नीट बसवत होते, आणि हैदराबादहून आलेला त्यांचा मुलगा तरुण शोरूमच्या खुर्चीत बसून त्यांच्या फोनवर भराभर 'मान्य, मान्य' दाबत होता. हे काय म्हणून त्यांनी विचारलंही होतं. "काही नाही बाबा, सगळे हेच दाबतात," असं तो म्हणाला होता.

"मग हे आजच बंद करा," नीलकंठराव म्हणाले.

"होईल ना, फॉर्म आहे. पण जे आलं ते आलं, काका. ते वापस नाही जात." राजवर्धनने कागद छापायला टाकला. "सहा महिन्यात चारशे बारा वेळा अचानक ब्रेक. इतके तर आमच्याकडे टॅक्सीवाल्यांचे पण नाहीत."

आता सरलाबाईंना नवऱ्याची बाजू घेणं भाग पडलं. "अरे बाबा, हे ब्रेक दाबत नाहीत, ब्रेकवर पाय ठेवूनच गाडी चालवतात. चौकापलीकडे भाजीची हातगाडी दिसली की हे अलीकडेच थांबतात."

"बरोबर काकू! देवासमध्ये काका एकदम सज्जन आहेत." राजवर्धनला मदत करायची होती, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. "हे सगळे ब्रेक धारमध्ये आहेत. दर गुरुवारी, दीड ते साडेतीन."

नीलकंठरावांनी छापून आलेला कागद पटकन आपल्याकडे ओढला.

गुरुवारी ते इंदूरला गुडघ्याच्या व्यायामासाठी जात, अशी घरात नोंद होती. तिथे फार गर्दी असते म्हणून परतायला सहा वाजतात. परत आले की सरलाबाई गरम पाण्याची पिशवी गुडघ्यावर ठेवून देत. गुडघा धडधाकट होता. सहा महिने तो विनाकारण शेकून निघाला होता.

"धारमध्ये," सरलाबाई म्हणाल्या.

"कदाचित दुसरं कोणी चालवत असेल काकू," राजवर्धन उत्साहाने म्हणाला. "पाहा ना, दीड वाजता ड्रायव्हरचा पट्टा निघतो. मग सीट चांगली चार बोटं पुढे सरकते, मग पट्टा परत लागतो. बाजूच्या सीटचा पण लागतो. म्हणजे दोघं आहेत. साडेतीनला सीट परत मागे. तर जो कोणी चालवतो तो काकांपेक्षा बुटका आहे. किंवा मग लेडीज."

"लेडीज," सरलाबाई म्हणाल्या.

पंखा फिरत होता. बायकोच्या मनात काय आलं असेल हे नीलकंठरावांना कळत होतं, आणि क्षणभर त्यांना वाटलं, तेवढंच राहू द्यावं. दुसऱ्या बाईची गोष्ट सरलाबाईंनी कदाचित पोटात घातली असती. खरी गोष्ट त्याहून अवघड होती.

"पारू आहे," ते खाली मान घालून म्हणाले.

पारू म्हणजे पार्वती, त्यांची धाकटी बहीण. धारला दिलेली. नऊ वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा तेराव्याच्या पंगतीत, चाळीस माणसांसमोर, पारू रडत म्हणाली होती, "माझी आई शेवटचे सहा महिने अळणी जेवून गेली." डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं. ते सहा महिने सरलाबाईंनी सासूला उठवलं, बसवलं, न्हाऊ घातलं, आणि शेवटी पदरात पडलं ते हे एक वाक्य. त्या दिवसापासून नणंद-भावजयीचं बोलणं तुटलं. गेल्या वर्षी पारूचे यजमान भैयासाहेब गेले तेव्हा सरलाबाई धारला गेल्या, अर्धा तास सतरंजीवर बसल्या आणि एक शब्द न बोलता परत आल्या.

भैयासाहेब भर दुपारी, जेवून उठताना कोसळले होते. गाडी दारात होती, किल्ली खुंटीला होती, आणि गाडी चालवणारा माणूस जमिनीवर पडला होता. गल्लीतलं कुणीतरी धावत येईपर्यंत पाऊण तास गेला. तो पाऊण तास पारू नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन किल्लीकडे बघत बसली होती. महिना उलटल्यावर तिने भावाला फोन केला, "दादा, मला गाडी शिकव." भैयासाहेबांच्या गाडीला ती हात लावू देईना. त्यांची सीट हलवायची नाही, म्हणाली. म्हणून तिने शिकाऊ परवाना काढला, आणि नीलकंठराव गुरुवारच्या गुरुवारी लाल पट्टीचा 'एल' आपल्या गाडीला चिकटवून तिला किल्ल्याजवळच्या मैदानात नेऊ लागले. परतताना इंदूरच्या अलीकडे थांबून तो खरवडून काढत.

हे सगळं त्यांनी तिथेच, विम्याच्या टेबलापाशी, तुटक तुटक सांगितलं. राजवर्धनने ऐकून डोळे पुसले आणि हप्ता मात्र कमी होणार नाही, असं सांगितलं.

"हा कागद मी नेते," एवढंच सरलाबाई म्हणाल्या.

त्या दिवशी घरात भांड्यांखेरीज कशाचा आवाज झाला नाही. संध्याकाळी त्या जेवणाच्या टेबलाशी चष्मा लावून बसल्या. तीस वर्षं त्यांनी मुलींच्या शाळेत गणित शिकवलं होतं. आकड्यांचा कागद समोर आला की त्यांचा हात आपोआप लाल पेनाकडे जाई. नीलकंठराव बाहेरच्या खोलीत, खिडकीतून दिसणाऱ्या देवीच्या टेकडीकडे तोंड करून बसून राहिले. आयुष्यात एकच गोष्ट बायकोपासून लपवली, आणि तीही गाडीने सांगून टाकली.

"अहो, इकडे या."

ते गेले. कागदावर लाल गोल केलेले होते.

"पहिल्या गुरुवारी किती ब्रेक? सव्वीस. मग एकोणीस, मग बारा. सहाव्या गुरुवारी दोन. सातव्या गुरुवारी एकही नाही. आणि आठव्या गुरुवारी एकदम एकवीस. तिथून पुढे पंधराच्या खाली नाहीच. सातव्या गुरुवारी काय झालं?"

"काय होणार? छान चालवली तिने. मी म्हटलं, पारू, आता दोन-तीनदा आलो की झालं तुझं शिक्षण, मग मी सुटलो."

सरलाबाईंनी चष्मा काढला. "नीट शिकणारी पोरगी एकदम नापास व्हायला लागली की वर्गात मी आधी तिच्या घरी काय चाललंय ते विचारायची. अहो, वन्सं कधीच शिकल्यात. गाडी चालवता आली की तुम्ही यायचे बंद, म्हणून त्या मुद्दाम धक्के देतायत."

नीलकंठराव खाली बसले. पारूचं घर त्यांच्या डोळ्यांसमोर आलं. दारातल्या गाडीवरचं राखाडी कापड, ते पोहोचायच्या आधीच मांडून ठेवलेल्या दोन बशा, भुट्ट्याचा कीस, आणि निघताना दर वेळी ठरलेलं वाक्य, "अजून क्लच काही समजत नाही रे दादा." आणि आपण तिला काय म्हणायचो? डोकं ठिकाणावर ठेव म्हणायचो.

"आता काय करू? कळलं म्हणून सांगू तिला?"

"खबरदार." सरलाबाईंनी कागदाची घडी घातली. "आधी तो बंद करायचा फॉर्म भरा. वन्संच्या ब्रेकचा हिशोब कुणी परक्याने कशाला ठेवायचा? आणि या गुरुवारी मी पण येणार आहे."

गुरुवारी आभाळ भरलेलं होतं. धारपर्यंतच्या दोन तासांत सरलाबाई दोनदा बोलल्या, दोन्ही वेळा स्पीडब्रेकरबद्दल. फाटकात उभ्या असलेल्या पारूने मागच्या सीटवर वहिनीला पाहिलं आणि तिचा चेहरा दगडासारखा झाला.

"या," ती म्हणाली.

"आधी गाडी," सरलाबाई जागच्या न हलता म्हणाल्या.

पारू चालकाच्या जागी बसली. सीट पुढे घेतली, पट्टा लावला, आरशात एकदा वहिनीकडे पाहिलं. आणि मग, नऊ वर्षं न बोललेल्या भावजयीसमोर फजिती नको एवढ्या एकाच विचाराने असेल, तिने गाडी अशी काढली की नीलकंठराव बघतच राहिले. एक धक्का नाही. मैदान मागे टाकून तिने थेट मांडूचा रस्ता धरला. शेळ्यांचा कळप आला, समोरून बस आली, एक मोटरसायकलवाला "ओ भिया, बाजू!" म्हणत अंगावर आला. पारूने सगळ्यांना अलगद वाट दिली. गिअर कधी बदलला तेही कळेना.

"वा! आलं की तुला!" नीलकंठरावांच्या तोंडून निघून गेलं, आणि त्याच क्षणी त्यांना जीभ चावावीशी वाटली.

परतीच्या रस्त्यावरही पारूने एक धक्का बसू दिला नाही. घरासमोर पारूने गाडी थांबवली, इंजिन बंद केलं. पण तिचा हात किल्लीवरच राहिला. आपण काय करून बसलो हे तिच्या आत्ता लक्षात आलं असावं.

"आलं म्हणायचं," ती समोर बघत म्हणाली. "मग आता तुला एवढ्या लांब यायचं काही कारण नाही, दादा. पेट्रोल किती जातं."

काचेवर दोन-चार थेंब पडले.

"वन्सं," मागून सरलाबाई म्हणाल्या. नऊ वर्षांत पहिल्यांदाच. "रिव्हर्समध्ये घाला बघू फाटकातून आत."

पारूने गाडी सुरू केली. फाटक अरुंद, आत भैयासाहेबांची झाकलेली गाडी, शेजारी तुळशीची कुंडी. तिने मान वळवली आणि एका दमात गाडी आत घेतली. दोन्ही बाजूंना बरोबर वीत वीत जागा राहिली.

सरलाबाईंनी काच खाली करून एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं.

"वाकडी गेली," त्या म्हणाल्या.

"कुठे वाकडी?" नीलकंठराव म्हणाले. "चांगली सरळ..."

"अहो, तुम्ही गप्प बसा. चांगली हातभर वाकडी आहे. रिव्हर्स अगदीच कच्चा आहे यांचा. अजून वर्षभर तरी लागेल. आणि हे एकट्याचं काम नाही, मागे बघायला मलाही यावं लागणार दर गुरुवारी."

पारूने आरशात वहिनीकडे पाहिलं. मग पदराने नाक पुसत तिने पट्टा सोडला.

"हो ना," ती म्हणाली, "मला पण वाटलंच होतं, जराशी वाकडी आहे."

आणि तिसरी बशी काढायला ती आत गेली.