आधी आत बघू

अण्णा धामणस्करांच्या घरी गेलात तर चप्पल काढायच्या आधी नाव सांगावं लागतं. अण्णांना नव्हे, ड्रमला.

दारासमोरच एक स्टूल असतं आणि त्यावर त्या आठवड्यात दुरुस्तीला आलेला साइड ड्रम. लग्नाच्या बँडमध्ये गळ्यात अडकवून दोन काठ्यांनी तडतडवतात तो. त्याच्या तळाला बारीक तारा ताणलेल्या असतात. त्या नीट बसल्या असल्या, तर समोर माणूस नुसता बोलला तरी झिणझिणतात. मी पहिल्यांदा गेलो तो तक्रार घेऊनच. आम्ही गिरगाव सोडून भाईंदरला, गोडदेवच्या या सोसायटीत, शांततेसाठी आलो होतो, आणि शेजारी हे निघाले.

"नाव बोला," अण्णा म्हणाले.

"साठे."

ड्रम गप्प.

"पोटातून बोला हो. साहेबाकडे रजा मागताय काय?"

"साठे!" मी चिडून ओरडलो.

ड्रम झिणझिणला. अण्णांचा चेहरा खुलला. "हां. ओळखलं तुम्हाला. बसा आता. तुमच्या नावात तसा दम नाय. त्या तळमजल्यावरच्या क्षीरसागरांना बोलावतो मी, त्यांच्या नावाला तारा कशा खाडकन उठतात."

मी तक्रार न करताच परत आलो आणि बायकोला सांगितलं, की माणूस ठार वेडा आहे. ते मत पुढे फारसं बदललं नाही. फक्त त्यात बरीच भर पडली.

अण्णा लालबागच्या एका लग्नाच्या बँडमध्ये तीस वर्षं साइड ड्रम वाजवत होते. हजारभर लग्नं वाजवली असतील, पण एकाही नवरदेवाचं तोंड त्यांना आठवत नाही, कारण बँडवाला कायम पुढे आणि नवरदेव मागे. गुडघे गेल्यावर बँड सुटला आणि घर हाच कारखाना झाला. वन रूम किचनच्या त्या घरात लोणच्याच्या बरणीत रॉकेल आणि रॉकेलमध्ये गंजलेले स्क्रू. कपड्यांच्या दोरीवर ड्रमच्या लोखंडी रिंगा वाळत घातलेल्या. पितळी ड्रम असला की अण्णा चिंचेचा कोळ घेऊन बसायचे आणि असा घासायचे की त्यात बघून दाढी करता यावी. देवांची भांडी मात्र शेजारी काळीच.

आजकाल हळदीत, मिरवणुकीत वाजवणाऱ्या बेंजो पार्टीवाल्यांना नुसती दुरुस्ती पुरत नाही. कुणाला ड्रमवर चमकीचा कागद हवा, कुणाला आत लुकलुकणारे दिवे. "ड्रम आहे की पानपट्टी?" म्हणून अण्णा समोरच्याचा यथेच्छ उद्धार करायचे आणि मग तेच दिवे इतके नेटके बसवायचे, की एकही वायर दिसायची नाही.

काहीही समोर आलं की अण्णांचं एकच वाक्य ठरलेलं. "आधी आत बघू. वरून काय, वरून सगळंच चकचकीत." हे ड्रमपुरतं असतं तर चाललं असतं. पण ते कलिंगडाला, रिक्षाच्या मीटरला आणि माझ्या मुलीला सांगून आलेल्या स्थळालासुद्धा लागू होतं. त्या स्थळाबद्दल ते बरोबर निघाले, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. एकदा सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांच्याच आवाजाचा विषय होता. तक्रार अर्थातच माझी. सेक्रेटरी बोलायला उठले तर माइक नेहमीप्रमाणे किंचाळायला लागला. अण्णा पुढे गेले, "आधी आत बघू" म्हणाले, खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून पाच मिनिटांत सगळं उघडून परत लावलं. सेक्रेटरी काय बोलतात ते त्या दिवशी आम्हाला पहिल्यांदा स्वच्छ ऐकू आलं, आणि माइक बिघडलेलाच बरा होता असं एकमताने ठरलं. माझी तक्रार त्या गडबडीत राहून गेली.

आता वहिनींबद्दल सांगायला हवं. कारण अण्णांच्या घरात विचित्र ते ड्रम नव्हतेच. विचित्र होतं ते वहिनींचं गप्प राहणं.

वहिनी आमच्याशी बोलायच्या, भाजीवाल्याशी भांडायच्यासुद्धा. पण दाराच्या बाहेर. घरात अण्णांशी एक शब्द नाही. चहाचा कप आणून ठेवायच्या, तो आवाजच तेवढा. आणि तरी आठवड्यातून एकदा मला भिंतीपलीकडून दोघांचं बोलणं ऐकू यायचं. आधी फरशीवर ड्रमची रिंग ठेवल्याचा खण्ण आवाज. मग स्वयंपाकघरातून वहिनी विचारायच्या, "तोच काय हो?"

"नाही."

"बरं."

बस्स. मग पुन्हा पुढचा ड्रम येईपर्यंत शुकशुकाट. याचा अर्थ मला बरेच दिवस लागेना. शेवटी एका दुपारी न राहवून विचारलंच. अण्णा हातातला स्क्रू घासत होते. तो घासायचा न थांबवता त्यांनी सांगितलं.

त्यांचा मुलगा संदेश. तोही ड्रमच वाजवायचा, बेंजो पार्टीत. बापाला त्याचं ड्रम ताणणं पसंत नव्हतं. पोरगा कामावर गेला की बाप त्याचा ड्रम उघडायचा, वर ताणलेला पडदा, म्हणजे पान, काढायचा, तारा आपल्या मनाजोग्या लावायचा. संध्याकाळी भांडण. एकदा संदेशने ड्रमच्या आतल्या बाजूला निळ्या ऑइलपेंटने लिहूनच ठेवलं, "पप्पा, परत उघडलात? बंद करा!" बँडात बाहेरून मालकाचं नाव असतं, आणि वाजवणारा आत आपलं नाव घालतो. या कार्ट्याने बापाला दम दिला. हे सांगताना अण्णा हसले.

सहा वर्षांपूर्वी वाजवण्याची एक सुपारी संपवून संदेश मोटरसायकलवरून येत होता. काशीमीऱ्याच्या नाक्यावर ट्रकने उडवलं. जागीच गेला. ड्रम बाकीच्या सामानाबरोबर टेंपोत होता, तो दुसऱ्या दिवशी धडधाकट घरी आला.

"कोपऱ्यात ठेवला होता," अण्णा म्हणाले. "तारा चढवलेल्याच होत्या. घरात कोण काय बोललं की तो झिणझिणायचा. ही रडली की झिणझिणायचा. मग ही त्याच्याशी बोलायला लागली. संदेश, भूक लागली काय रे, असं. आणि तो उत्तर दिल्यासारखा वाजायचा. दहा दिवस मी ऐकलं, साठे. अकराव्या दिवशी ही अंघोळीला गेली आणि खालनं भंगारवाला चालला होता. दिला उचलून."

अण्णांनी घासलेला स्क्रू बरणीत टाकला.

"प्रत्येक ड्रमला बाजूला खटका असतो," त्यांनी स्टुलावरच्या ड्रमचा खटका बोटाने खाली पाडला. "खटका पाडला की तारा सुटतात. आवाज बंद. एवढंच करायचं होतं. लहान पोराला ठाऊक असतं. तीस वर्षं वाजवला मी ड्रम, आणि मला सुचलं नाही. हिनं बाहेर येऊन कोपरा बघितला. म्हणाली, 'खटका नव्हता होय त्याला?' तेवढंच. त्यानंतर बोललीच नाय."

मग अण्णांनी मीरा-भाईंदरमधली भंगाराची दुकानं पालथी घातली. ड्रम मिळाला नाही. तेव्हा त्यांनी ठरवलं, की आपण शोधण्यापेक्षा ड्रमलाच आपल्याकडे येऊ द्यावं. स्वस्तात आणि चोख दुरुस्ती करणारा म्हणून नाव झालं, की आज ना उद्या तो दुरुस्तीला येणारच. वरचा रंग, कागद काहीही बदललेलं असेल. म्हणून आधी आत बघायचं. मी ज्याला वेड म्हणत होतो ते हे होतं. मला स्वतःची लाज वाटली.

त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे बॅटरी धरायला जायला लागलो. त्यांना डोळ्यांनी कमी दिसत होतं, आणि रिटायर झाल्यापासून मला कुणी कशालाच बोलावत नव्हतं. पान निघायचं, मी आत उजेड टाकायचो. आत धूळ, झुरळाची अंडी, कुणा बबन नाहीतर सुरेशचं नाव. आतून प्रश्न यायचा, अण्णा "नाही" म्हणायचे, वहिनी "बरं" म्हणायच्या. प्रत्येक "बरं"ला अण्णांचे खांदे थोडे पडायचे. तरी परका ड्रम तसाच बंद करायचे नाहीत. उघडलाय तर धड करूनच द्यायचा.

या नवरात्राच्या आधी पेणकरपाड्याचा एक रिक्षावाला आला. भोईर. चाळिशीचा, पोट सुटलेला, काखेत ड्रम. ड्रमवर जांभळ्या चमकीचा कागद.

"काका, यो जरा बगा ना. तारा बोलतच न्हाय. नवरात्राला वाजवाचा हाय."

"कागद कुणी लावला हा? चॉकलेट आहे काय?"

"मामानं लावला. भंगारवाल्याकरना घेतलेला त्यानं, मंग मला दिला. पन आवाज लय भारी हाय. आमचे पार्टीत याच्यावाचून पान हालत न्हाय."

तीन दिवसांनी न्यायला येतो सांगून भोईर गेला. अण्णांनी चावीने स्क्रू सैल केले, रिंग फरशीवर ठेवली, खण्ण आवाज झाला, पान निघालं. मी बॅटरी मारली.

निळी अक्षरं होती. थोडी उडालेली, पण वाचता येत होती. "पप्पा, परत उघडलात? बंद करा!"

अण्णांनी माझं मनगट धरलं आणि उजेड आणखी आत नेला. अक्षरांवरून एकदा बोट फिरवलं.

"तोच काय हो?" आतून आवाज आला.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी मान हलवली.

"नाही," ते म्हणाले.

"बरं."

मी हळू आवाजात त्यांना झापलं. जन्मभर कुणाला झापलं नसेल इतकं. भोईरला सांगा, तो आनंदाने देईल, सहा वर्षं कशासाठी केलं हे सगळं?

"देईल," अण्णा पुटपुटले. "मग इथं कपाटावर बसेल. तिकडं वाजतोय तो, ऐकलंत ना?" त्यांनी फडकं उचललं. "आणि सापडला म्हणून सांगितलं, तर उद्यापासून ती मला विचारेल काय? तेवढंच एक बोलणं राहिलंय आमचं."

त्यांनी आत एकदा फडकं फिरवलं, अक्षरं सोडून. "बंद करा म्हणतोय ना," असं स्वतःशीच म्हणाले आणि पान चढवलं. प्रत्येक स्क्रू पाव पाव फेऱ्याने आवळला, नखाने टिचकी मारून कान लावला. तळाच्या तारा नीट बसवल्या. पण ताणणं पोराचंच ठेवलं, आपलं नाही. मग खटका वर केला.

"नाव बोला, साठे."

तेवढ्यात वहिनी स्वयंपाकघराच्या दारात आल्या. काम चाललेलं असताना त्या कधी बाहेर येत नसत. मला म्हणाल्या, "चहा घेणार ना, भाऊजी?"

ड्रम झिणझिणला.

वहिनी तिथेच उभ्या राहिल्या. पदर हातात तसाच. अण्णांचा हात खटक्याकडे गेला आणि मध्येच थांबला. खटका त्यांनी पाडला नाही. मी चहा न घेताच घरी आलो.

पुढचे दोन दिवस भिंतीपलीकडून वहिनींचा आवाज येत होता. मी इथे आल्यापासून कधी आला नव्हता तितका. कोथिंबीर महागलीय, डाळ आज घट्ट झाली, वरच्या मजल्यावरच्या बाईंनी पुन्हा पाणी सांडलं. अण्णांना उद्देशून त्यातलं काही नव्हतं, आणि अण्णा मध्ये एक शब्द बोलले नाहीत. प्रत्येक वाक्यामागे बारीक झिणझिण यायची. आमच्या घरातला टीव्ही मी त्या दोन दिवसांत लावला नाही. बायकोनेही का म्हणून विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी भोईर आला. ड्रमला नाव सांगितलं, खूश झाला. ड्रम काखेत मारून निघाला तर वहिनी दारापर्यंत त्याच्या मागे गेल्या.

"भिजवू नको हां," म्हणाल्या. "आणि जेवल्याबिगर वाजवायला जाऊ नको."

"बरं काकी," भोईर म्हणाला आणि जिना उतरला. वहिनी त्याची रिक्षा वळेपर्यंत गॅलरीत उभ्या होत्या. अण्णांनी रिकाम्या स्टुलावरून फडकं फिरवलं. वहिनींना कळलंय हे त्यांना कळलं की नाही, मला सांगता येणार नाही. मला मात्र कळलं होतं.

आता पुढे काय होणार, या विचाराने मला आठवडाभर चैन पडेना. कारण आता विचारण्यासारखं त्या घरात काहीच उरलं नव्हतं.

सोमवारी गोडदेवच्याच कुणाचा तरी ड्रम आला. पत्र्याचा, फुटका. मी बॅटरी घेऊन गेलो. अण्णांनी उगाच वेळ काढत स्क्रू सोडवले. पान काढलं. रिंग खाली ठेवताना त्यांनी ती इतकी अलगद टेकवली, की आवाजच झाला नाही. मी आत उजेड टाकला. आत नुसता गंज होता.

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला.

"तोच काय हो?" वहिनींनी विचारलं.

अण्णांनी डोळे मिटले.

"नाही," ते म्हणाले.

"बरं," वहिनी म्हणाल्या. "येईल."