छातीतलं पाणी

कुठलाही नळ गळो, काकांचं निदान एकच असे, "वायसर गेलाय." म्हणून या प्लंबराला सगळे वायसरकाकाच म्हणत. आता चार पायऱ्या चढल्या की काकांनाच धाप लागायची, रात्री उताणं झोपवायचं नाही. तेव्हा काकू त्यांना ओढतच दवाखान्यात घेऊन आल्या.

डॉक्टरबाईंनी त्यांना पाठमोरं बसवलं आणि पाठीवर बोट ठेवून दुसऱ्या बोटानं टकटक सुरू केली. वर पोकळ आवाज, खाली भरीव. "इथपर्यंत पाणी आहे," त्या म्हणाल्या. एक्स-रे आला, तर पाणी अगदी तिथपर्यंतच! काका थक्कच झाले. त्यांनी उभा जन्म टाक्या वाजवल्या होत्या, पण माणूसही असा वाजवून बघतात, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"फुप्फुसाच्या बाहेरून पाणी साठलंय. सुईनं काढता येईल, पण येतंय कुठून ते शोधायला हवं. मागं हार्टअटॅक आला तेव्हा लघवीची गोळी दिली होती. रोज घेता ना?"

काकू शेजारीच होत्या. काका म्हणाले, "रोज! न चुकता!"

झालं, इथंच माशी शिंकली. काका गोळी तोंडात टाकून गालात दाबून ठेवत, काकूंदेखत वर पाणीही पीत, आणि जिना उतरला की गोळी थुंकून टाकत. गोळी पोटात गेली की सारखं जावं लागायचं, आणि गिऱ्हाइकाच्या घरी "जरा बाथरूम वापरू का?" म्हणायचं तर काकांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. हा माणूस लोकांना बाथरूमं बांधून देणारा, बरं का!

"गोळी चालू असून एवढं पाणी?" डॉक्टरबाईंच्या कपाळाला आठी पडली. "मग दुसरं काही बघावं लागेल. टीबी असेल, एखादी गाठ असेल..."

गाठ म्हणताच काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. आता खरं बोलावं तर काकूंशी गाठ, न बोलावं तर सुईशी. काकांनी सुई पत्करली.

पाठीतून सुई गेली आणि बाटलीत पिवळसर, नितळ पाणी उतरू लागलं. "हे सगळं माझ्यातलं?" काका डोळे विस्फारून बघत राहिले. रिपोर्ट आला. जंतू नाहीत, वाईट पेशी नाहीत, नुसतंच पातळ पाणी. काकूंनी सुस्कारा सोडला.

"म्हणजे दुखणं फुप्फुसाचं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पाणी मागून येतंय. हृदय, किडनी, नाहीतर लिव्हर."

"अगंबाई, एकाचे तीन झाले!" काकूंना रडूच फुटलं. किडनी चांगली निघाली, लिव्हरही चांगलं निघालं, तरी रडू थांबेना. "अहो, ही माणसं माझ्यापासून काही लपवत तर नाहीत ना?"

काकांनी छताकडे बघितलं.

शेवटी हृदयाची सोनोग्राफी. पडद्यावर काहीतरी चिमुकलं उघडत होतं, मिटत होतं. "ही तुमची झडप," डॉक्टरबाई म्हणाल्या. "रक्त पुढं जाऊ देते, मागं फिरू देत नाही."

असले व्हॉल्व्ह काकांनी जन्मभर बसवले होते, आणि दर दोन-चार वर्षांनी बदललेही होते. "हा कधीपासून चालू आहे हो?"

"तुमच्या जन्माच्या आधीपासून."

"आणि सर्व्हिसिंगला बंद कधी ठेवतात?"

"बंद कसा ठेवणार, काका? हृदयाचा पंप थकलाय. गोळीची मदत असूनही त्याला झेपत नाहीये, हेच मला कळत नाही."

काका बघतच राहिले. आपण झोपलो, जेवलो, भांडलो, आणि हा बिचारा आत एकटा उपसतोय! त्यांना भरून आलं. "डॉक्टरबाई, आता काही शोधू नका. गोळी मी थुंकतो."

"काय?" काकू उठल्याच.

"रोज. लोकांकडे बाथरूम मागायची लाज वाटते गं."

"आणि मला एकटीला टाकून जायची लाज नाही वाटली?"

काका "चुकलो," एवढंच म्हणाले आणि त्यांनी काकूंचा हात धरला. काकूंनीही तो सोडवून घेतला नाही.

डॉक्टरबाईंनी तेच औषध इंजेक्शनमधून दिलं. थोड्याच वेळात काका बाहेरच्या बाकावर चुळबुळायला लागले. बाथरूमसमोर ही रांग! ते खाली मान घालून बसून राहिले. काकू उभ्या राहिल्या आणि अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात कडाडल्या, "सरका हो सगळे! आमच्या ह्यांना जोराची लागलीय!"

रांग दुभंगली. आणि काका एखाद्या नवरदेवासारखे, मान ताठ करून मधून चालत गेले.