वाघमारे सरांची रिकामी जागा

"सेक्रेटरी मॅडम, वो सी-विंगवाले अंकल मेरी वाइफ को आंख मारते हैं."

रविवारची सकाळ. मी पोह्यांचा पहिला घास घेतेय आणि ए-विंगमधले नवे रहिवासी तिवारी दारात उभे. मीरा रोडच्या सोसायटीची सेक्रेटरी होणं म्हणजे काय असतं हे ज्यांना माहीत नाही, ते सुखात आहेत, तसेच राहोत. लिकेज, कबुतरं, कुत्री, वरच्यांचा मिक्सर, सगळ्या तक्रारी मी पचवल्यात. डोळा मारल्याची ही पहिलीच. पोहे झाकून ठेवले आणि निघाले.

सी-विंगवाले अंकल म्हणजे आमचे वाघमारे सर. मूळचे मराठवाड्यातले, शाळेत ड्रॉइंग शिकवून निवृत्त झालेले, पण खरा धंदा चित्रकाराचा. प्रदर्शनं-बिदर्शनं लागतात त्यांची. मी खाली गेले तेव्हा ते गेटकडे तोंड करून उभे होते. मला बघितलं आणि चक्क डावा डोळा मिटला.

"सर!" मी ओरडलेच.

"काय झालं?"

"तुम्ही मला डोळा मारलात!"

"छे हो. बारीक केला," ते शांतपणे म्हणाले. "डोळा बारीक केला की तपशील गळतात. नाक, चष्मा, साडीवरची फुलं, सगळं जातं. आकार तेवढा राहतो. तुमचा आकार चांगला आहे, हंड्यासारखा."

हे कौतुक होतं की काय, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी विषय तिवारींच्या मिसेसवर आणला. सर विचारात पडले.

"बाई होती का तिथं? मी मागची पाण्याची टाकी बघत होतो."

मी जाऊन तिवारींना जसंच्या तसं सांगितलं. तिवारींचं समाधान झालं, पण त्यांच्या मिसेसना डोळा मारल्यापेक्षा टाकीचाच जास्त राग आला. त्या पुढे कितीतरी दिवस सर दिसले की मान फिरवून जायच्या. सरांच्या ते गावीही नव्हतं.

तर असे सर. त्यांचं सगळं तत्त्वज्ञान तीन शब्दांत मावतं: आकार, रंग आणि जागा. आकाराचं वर आलंच. रंगाबद्दल त्यांचं म्हणणं असं की, रंगाला स्वतःचा स्वभाव नसतो, शेजारी कोण आहे त्यावर सगळं ठरतं. म्हणून ते येता-जाता लोकांना हलवत असतात. एकदा मी हिरवी साडी नेसून नोटीस बोर्डावर पाण्याची नोटीस लावत होते, तर म्हणाले, "सेक्रेटरीबाई, जरा बाजूला व्हा. बोर्ड मरतोय." एकाच्या लाल गाडीला त्यांनी पिवळ्या भिंतीपासून लांब लावायला सांगितलं, कारण गाडी 'ओरडत' होती. त्या माणसाने बिचाऱ्याने मेकॅनिकला बोलावलं.

आणि जागा! "जागा सोडा" हे त्यांचं पालुपद. हळदीकुंकवाच्या रांगोळी स्पर्धेला आम्ही त्यांना परीक्षक केलं. मोर, कमळं, कलश, बायकांनी कंबर मोडून जमीन भरून टाकली होती. सरांनी पहिला नंबर दिला तो एका कोपऱ्यातल्या अर्ध्या रांगोळीला. जिची होती ती रंग संपला म्हणून आणायला दुकानात गेली होती. परत आली तर बक्षीस. बाकीच्या बायका माझ्याशी आठवडाभर बोलत नव्हत्या, जणू परीक्षक मीच होते.

त्यांची चित्रंही तशीच. एकदा त्यांच्या घरी गेले होते. हॉलमध्ये सोफा नाही, टीव्ही नाही, शोकेस नाही. दोन खुर्च्या, एक चटई आणि एक अख्खी निळसर भिंत, तिच्यावर खिळासुद्धा नाही. समोर एक मोठं चित्र टेकवून ठेवलेलं. सगळा मातकट रंग आणि खाली कोपऱ्यात करडा ठिपका.

"हे काय?"

"वरसावे."

"पूल कुठाय?"

"काढला. गर्दी होत होती."

"आणि खाडी?"

"ही काय. जी सोडलीय ती खाडीच की!"

मी मान डोलावली. कुणी चित्रकार असं काही बोलला की मान डोलवायची, हे मला कळतं.

पण या जागेच्या वेडाने आमच्या चेअरमनच्या, दुकानदार मेहताभाईंच्या, नाकी नऊ आणले होते. सरांकडे पार्किंगची जागा आहे, गाडी नाही. गेटमधून आत आलं की सी-विंगच्या दारासमोर, एकदम मोक्याची. मीरा रोडला मोकळं पार्किंग म्हणजे काय चीज आहे, ते मी सांगायला नको. त्या जागेसाठी निम्मी सोसायटी सरांच्या मागे लागली होती. सर कुणालाच देईनात. मेहताभाईंनी एकदा हात जोडले, "वाघमारेजी, गाडी नहीं है तो जगा का क्या करते हो?"

"बघतो," सर म्हणाले.

"क्या देखते हो?"

"जागा."

मेहताभाईंनी कपाळाला हात लावला. आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं, माणूस सज्जन आहे पण सटकलेला आहे.

त्यांची बायको शांताकाकू. बारीकशा, हसऱ्या, मोठं कुंकू न लावणाऱ्या पण कपाळावर हिरवं गोंदण असलेल्या. आमच्या सोसायटीच्या तिन्ही विंगा एकसारख्या, तोच बिस्किटाचा रंग, तेच जिने. मी बी-विंगला तिसऱ्या मजल्यावर, वाघमारे सी-विंगला तिसऱ्यावर. काकू संध्याकाळी गेटवरच्या भाजीवाल्याकडून पालक-मेथी घेऊन निघायच्या आणि मधूनमधून माझ्याकडे यायच्या. चपला काढून सरळ स्वयंपाकघरात. पिशवी ओट्यावर. मग मला बघून म्हणायच्या, "अगं, तू कवा आलीस?" माझ्याच घरात! मी हसायचे, चहा टाकायचे. इकडेतिकडे बघत त्या म्हणायच्या, "सामान लई झालंय बाई." थोड्या वेळाने सर दारात येऊन उभे राहायचे. "चहा झाला असेल तर निघू या का?" असं म्हणायचे आणि घेऊन जायचे. मला वाटायचं, चित्रकाराची बायको, थोडी तशी असणारच.

यंदा सोसायटीला रंग काढायचं ठरलं. वर्षानुवर्षं मीटिंगला न आलेले वाघमारे सर पहिल्या रांगेत येऊन बसले. त्याआधी महिनाभर त्यांनी सी-विंगच्या दाराजवळच्या भिंतीवर निळ्या रंगाचे चौकोन काढून ठेवले होते, हलका, गडद, राखाडी छटेचा, जांभळट. भिंतीला काही रोग झालाय का, असं मला लोकांनी विचारलं होतं. रोज सकाळी सर काकूंना खाली आणायचे, त्या चौकोनांसमोर उभं करायचे. काकू एखाद्यावर हात ठेवायच्या. आम्ही म्हणायचो, बघा, या वयातही काय प्रेम आहे!

मीटिंगमध्ये सर उभे राहिले आणि म्हणाले, "ए आणि बीला काय हवं ते लावा. सी-विंगचं दार आणि तिसऱ्या मजल्यापर्यंतचा जिना निळा करा."

"तीन विंग, दो कलर?" मेहताभाई म्हणाले. "ये सोसायटी है के आइसक्रीम की दुकान?"

मागून कुणीतरी कुजबुजलं की निळा रंग कशासाठी हवाय ते आम्हाला कळतं बरं का, उद्या झेंडा लावतील. सरांनी ते ऐकलं. ते आकारावर बोलायला लागले. तीन आकार सारखे असले की नजरेला धरायला काही उरत नाही, एका ठिकाणी तरी रंगाने हात दिला पाहिजे, वगैरे. लोक मोबाइल बघायला लागले. मी विचारलं, "सर, नेमकं कारण काय सांगता? ठरावात लिहावं लागतं."

ते म्हणाले, "घर दिसलं पाहिजे." आणि खाली बसले. रंगाचा विषय पुढच्या रविवारवर गेला.

दुसऱ्याच दिवशी प्लास्टरच्या कामासाठी परांचीचे बांबू आले. ट्रकवाल्याने मोकळी जागा बघितली आणि सगळे बांबू सरांच्या पार्किंगमध्ये उभे रचले. सर धावत खाली आले. "उचला! आत्ता उचला!" मी त्यांना असं चिडलेलं कधी बघितलं नव्हतं. मेहताभाई म्हणाले, "अरे, जगा खालीच तो थी! दो दिन की बात है." आम्ही दोघं हसलोसुद्धा.

त्या संध्याकाळी तिवारींच्या मिसेसचा फोन आला. "दीदी, जल्दी आओ. वो आंटी हमारे घर में बैठी हैं, जा नहीं रहीं."

मी धावत ए-विंगला गेले. तिसऱ्या मजल्यावर, तिवारींच्या सोफ्याच्या कडेला शांताकाकू अंग चोरून बसल्या होत्या, भाजीची पिशवी छातीशी धरून. चेहरा पांढरा पडलेला. मला बघून म्हणाल्या, "माझी भिंत कुठंय? कुणी भरलं गं एवढं सामान माझ्या घरात?" आणि रडायला लागल्या. माझ्या ओट्यावर ठेवलेल्या त्या सगळ्या पिशव्या एकदम आठवल्या. त्या माझ्याकडे कधी आल्याच नव्हत्या. त्या दर वेळी स्वतःच्या घरी आल्या होत्या.

तेवढ्यात सर आले, घामाने डबडबलेले. खाली फरशीवर बसले, काकूंच्या पायांशी.

"काय करायलीस इथं?"

"घर सापडंना मला."

"तिकडं हाय की. निळ्या भिंतीचं. चल, मी बी तिकडंच निघालोय."

काकूंनी पिशवी त्यांच्याकडे दिली आणि उठल्या. तिवारींच्या मिसेस पदराने डोळे पुसत होत्या.

त्यांना घरी पोचवल्यावर सर मला खालपर्यंत सोडायला आले. आकडे गेलेत तिचे, म्हणाले. नावं जायला लागलीत. डॉक्टर म्हणतात, जातच राहणार. सामान कमी केलं, तर घर ओळखू येतं तिला. आणि रंग राहिलाय. काकूंच्या माहेरी चुन्यात नीळ घालून भिंती रंगवायचे. शाळेतून येताना त्या लांबूनच ती भिंत बघत घरी यायच्या.

"ते चौकोन मी काढले," सर म्हणाले. "रंग तिनं निवडला."

"काकूंना एकटं सोडता कशाला मग?"

"भाजी आणायला अडवलं की दिवसभर जेवत नाही. म्हणते, मी काय लेकरू हाय का? म्हणून मी खाली पार्किंगमध्ये उभा राहतो. तिथून गेटपासून जिन्यापर्यंत ती सगळी दिसते. तुमच्याकडे वळली, तर वळू देतो. चहा मिळतो तिला. आज तिथं बांबू होते."

मी म्हटलं, "सर, हे मीटिंगमध्ये सांगायचं ना! कोण नाही म्हणालं असतं?"

"सेक्रेटरीबाई, चित्राखाली कुणी अर्थ लिहीत नाही," ते म्हणाले. "आणि ती खाली जाते भाजीला. सगळ्यांनी तिच्याकडे तसं बघितलेलं तिला कळेल. ते अजून कळतं."

बांबू मी त्याच वेळी हलवायला लावले. कॉन्ट्रॅक्टरची माणसं कुरकुरली, मी त्यांना माझा सेक्रेटरीचा आवाज दाखवला.

पुढच्या रविवारी मेहताभाईंनी विषय काढायच्या आधीच तिवारींच्या मिसेस उभ्या राहिल्या. एवढ्या लोकांत पहिल्यांदाच बोलत होत्या. "सी-विंग नीला होना चाहिए. बस." तिवारी बघतच राहिले. मी म्हटलं, मला मान्य आहे. सर मागे बसले होते, मान खाली घालून. मेहताभाईंनी माझ्याकडे बघितलं, तिवारींच्या मिसेसकडे बघितलं, आणि माणूस दुकानदार असला तरी अगदीच दगड नाही. म्हणाले, "ठीक है, नीला. मॅडम, रिझन लिख लेना." मी ठराव लिहिला. कारणापुढे जागा सोडली.

आता सी-विंगचं दार निळं आहे. चुन्यात नीळ कालवल्यासारखं, जरासं धुरकट. ज्यांना झेंड्याची भीती होती ते आता तिथे उभं राहून फोटो काढतात.

परवा ऑफिसातून येताना मी गेटमधून आत शिरले, तर सर आपल्या रिकाम्या पार्किंगमध्ये उभे होते. पुढे काकू पिशवी घेऊन चालल्या होत्या. मध्यावर त्या थांबल्या. ए-विंगकडे बघितलं, बी-विंगकडे बघितलं. मीही जागच्या जागी थांबले. मग त्यांना निळं दार दिसलं. त्या हसल्या, कुणाला तरी बघून हसावं तशा, आणि तिकडे वळल्या.

माझा जीव भांड्यात पडला. मी सरांकडे बघितलं, तर ते दोन्ही डोळे टक्क उघडे ठेवून बघत होते. जगातल्या प्रत्येक गोष्टीकडे, माझ्याकडेसुद्धा, एक डोळा मिटून बघणारा हा माणूस! मला राहवेना.

"काय सर, आज डोळा बारीक नाही केला?"

"नाही," ते म्हणाले. काकू जिन्यात शिरेपर्यंत त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "हिचं सगळं बघून ठेवायचंय. ती विसरली की तिला मलाच सांगायला लागेल."